जिला चालता येईल की नाही याची शंका होती, ती जगात सगळ्यात जोरात पळाली! विल्मा रुडॉल्फची गोष्ट

पहाटे साडेपाचच्या सुमाराला सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत एकदा येऊन बघा. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांत सकाळपाळीची माणसं अजून आलेली नसतात. मालाचे टेम्पो गेटबाहेर उभे असतात. आणि त्या रिकाम्या रस्त्यावर पोरं-पोरी पळत असतात. कुणी पोलीस भरतीसाठी, कुणी आर्मीसाठी. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. एक जण मोबाईलवर टायमिंग लावून उभा, बाकीचे धापा टाकत येतात आणि आधी विचारतात, किती लागले?

चांगली गोष्ट आहे. घरची परिस्थिती बदलायची तर पळावं लागतं. पण यातल्या कित्येकांसाठी पळणं म्हणजे नुसती परीक्षा झाली आहे. दोन भरत्या हुकल्या की बूट कोपऱ्यात जातात आणि पहाटेचं उठणंही बंद होतं.

म्हणून आज एका बाईंची गोष्ट सांगायची आहे. नाव विल्मा रुडॉल्फ. अमेरिकेतल्या. जाऊन तीस वर्षं होऊन गेली. लहानपणी त्यांच्या एका पायात जीव नव्हता. त्याच पायांनी त्यांनी १९६० साली रोम ऑलिम्पिकमध्ये धावण्याची ३ सुवर्णपदकं घेतली. पण गोष्ट फक्त पदकांची नाही. पळायला मिळतंय याचाच आनंद किती मोठा असतो, आणि एका लेकराच्या पायामागे घरातले किती हात लागतात, याची ही गोष्ट आहे.

दोन किलोचं बाळ

विल्माचा जन्म २३ जून १९४० चा. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात क्लार्क्सव्हिल नावाचं गाव आहे, त्याच्याजवळच्या सेंट बेथलहेम या वस्तीत. दिवस भरायच्या आधीच जन्मलेलं बाळ. वजन जेमतेम दोन किलो. आज आपल्याकडे असं बाळ झालं तर लगेच काचेच्या पेटीत ठेवतात. तेव्हा गरिबाच्या घरी कुठली आली पेटी?

वडील एड रुडॉल्फ रेल्वेत पोर्टरचं काम करायचे, शिवाय मिळेल ती किरकोळ कामं. आई ब्लँच गोऱ्या लोकांच्या घरी घरकामाला जायची. वडिलांना दोन लग्नांची मिळून २२ मुलं, त्यात विल्मा विसावी. एवढ्या खटल्याच्या घरात एका अशक्त पोरीकडे कोण बघणार, असं वाटेल. पण झालं उलटंच. सगळ्यांनी मिळून तिच्याकडेच बघितलं.

दुखणी एकामागून एक आली. न्यूमोनिया झाला. अंगावर लाल पुरळ येणारा स्कार्लेट फिव्हर नावाचा ताप आला. आणि चार-पाच वर्षांची असताना पोलिओनं गाठलं. डाव्या पायातली ताकद गेली, पाऊल वाकडं पडायला लागलं.

पोलिओ काय करतो, हे आपल्या जुन्या माणसांना माहीत आहे. हा विषाणू तोंडावाटे पोटात जातो आणि काही मुलांमध्ये पाठीच्या कण्यातल्या नसांच्या पेशी मारतो. नस मेली की स्नायूला हुकूम मिळत नाही. पाय बारीक होत जातो, लोंबकळतो. त्या काळात पोलिओची लसच नव्हती. पहिली लस वापरात आली १९५५ साली, म्हणजे विल्मा पंधरा वर्षांची व्हायच्या सुमाराला.

ही पोरगी कधी नीट चालेल का, याचीच डॉक्टरांना शंका होती. तिच्या आईनं मात्र लेकीच्या मनात पक्कं भरवलं की ती चालणार. पोरीनं आईवर विश्वास ठेवला.

दर आठवड्याची बस

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिण भागात काळ्या आणि गोऱ्या लोकांना कायद्यानंच वेगळं ठेवलेलं होतं. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, पाणी प्यायचे नळसुद्धा वेगळे. आपल्याला हे नवीन नाही. आपल्याकडच्या पाणवठ्यांची गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांनी भोगलेलीच आहे. तर क्लार्क्सव्हिलमध्ये काळ्या लोकांना उपचाराची सोय फार तोकडी होती. पायावर इलाज करायचा तर नॅशव्हिल शहरातल्या मेहॅरी या काळ्या लोकांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात जायचं. अंतर सुमारे ८० किलोमीटर. सोलापूरहून अक्कलकोटला जाऊन परत यायचं जेवढं अंतर, जवळपास तेवढं तिला एका बाजूचं पडायचं.

आई दर आठवड्याला पोरीला घेऊन बसनं जायची. बसमध्ये काळ्या माणसांनी मागं बसायचं असा नियम. मागच्या सीटवर बसून जायचं, दवाखान्यात तपासणी, शेक, मालिश, व्यायाम करून घ्यायचा, आणि पुन्हा मागच्याच सीटवर बसून परत यायचं. असं साधारण दोन वर्षं चाललं.

विचार करा. घरकामावर पोट असलेली बाई. एक दिवस कामावर गेली नाही की त्या दिवसाची मजुरी गेली. वर बसचं भाडं. घरी बाकीच्या लेकरांचा स्वयंपाक. तरी तिनं खंड पडू दिला नाही. आपल्या तालुक्यांत आजही एसटीनं सिव्हिल हॉस्पिटलला लेकराला घेऊन जाणाऱ्या आया दिसतात. मांडीवर पोर, हातात पिशवीत फाईल आणि भाकरी. त्यांना ब्लँच रुडॉल्फ वेगळी समजावून सांगायला नको.

घरातले हात

दवाखान्यात आठवड्यातून एकदा मालिश करून भागत नाही, हे आईच्या लक्षात आलं होतं. तिनं मालिश कशी करायची ते शिकून घेतलं आणि घरी मोठ्या भावंडांना शिकवलं. मग पाळ्या लागल्या. दिवसातून चार वेळा विल्माचा पाय चोळायचा. कधी आई, कधी बहीण, कधी भाऊ. शाळेतून आलेलं पोर दप्तर टाकून आधी बहिणीचा पाय हातात घ्यायचं.

यात जादू नव्हती, हे नीट समजून घेऊ. पोलिओत मेलेली नस मालिशनं जिवंत होत नाही. पण ज्या थोड्या नसा वाचलेल्या असतात, त्या नवे फाटे फोडून जवळचे स्नायू सांभाळायला लागतात. अशा वेळी स्नायू आखडू न देणं, शेक देणं, हालचाल करत राहणं याचा उपयोग होतो. कुणात जास्त नसा वाचतात, कुणात कमी. विल्माचं नशीब असं की तिच्या पायात बरंच काही शिल्लक होतं, आणि घरच्यांनी ते वाया जाऊ दिलं नाही. ज्यांचा पाय सुधारला नाही त्यांनी किंवा त्यांच्या आईबापांनी प्रयत्न कमी केले, असा याचा अर्थ अजिबात काढू नये.

पायाला कॅलिपर होता. लोखंडी पट्ट्यांचा, पायाला बांधायचा. आपल्याकडे पोलिओच्या मुलांच्या पायात असायचा तसाच. आजारपणामुळे सुरुवातीला शाळाही नव्हती, घरीच शिकवलं. सात वर्षांची झाल्यावर शाळेत गेली, एकदम दुसरीत. वर्गातली पोरं सुट्टीत पळायची, खेळायची. ही कॅलिपर घालून बाजूला. मुलं चिडवायची. पायापेक्षा ते जास्त दुखायचं.

कॅलिपर सुटला तो दिवस

कॅलिपर काही एका दिवसात सुटला नाही. आधी घरातल्या घरात थोडी पावलं कॅलिपरशिवाय, मग थोडी जास्त. पुढे कॅलिपर गेला आणि पायाला आधार देणारा खास बूट आला. बारा वर्षांची होईपर्यंत तोही सुटला.

घरामागच्या मोकळ्या जागेत भावांनी बास्केटबॉल खेळायची सोय केली होती. विल्मा तिथे खेळायला लागली, अनवाणी. ज्या लेकीच्या पायासाठी आईनं एवढी वर्षं बसचे हेलपाटे घातले, ती लेक आता मातीत अनवाणी उड्या मारत होती. त्या माउलीला काय वाटलं असेल ते लिहून सांगायची गरज नाही.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. या वेळी विल्माला ऑलिम्पिक म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. पदक, नोकरी, नाव यातलं काही डोक्यात नव्हतं. जी पोरगी वर्षानुवर्षं खिडकीतून दुसऱ्यांना पळताना बघत होती, तिला स्वतःला पळायला मिळालं, एवढंच. अंगाला वारा लागला, छाती भरून आली, पाय मन सांगेल तिकडे गेले. पळताना तिला मोकळं वाटायचं. तुमच्या-माझ्यासारख्याला पाय आहेतच म्हणून त्यांची किंमत नसते. तिला प्रत्येक पावलाची किंमत ठाऊक होती.

शाळेचं मैदान ते टेम्पल सर

बर्ट हायस्कूल ही तिची शाळा. तिथे मोठी बहीण बास्केटबॉल खेळायची, तिच्या मागोमाग हीही टीममध्ये गेली. सुरुवातीला नुसती बाकावर बसून. पण संधी मिळाली तशी चमकली. पुढे एका हंगामात तिनं ८०३ गुण केले, शाळकरी मुलींमधला तो राज्यात विक्रम ठरला. सतत इकडून तिकडे भिरभिरणारी म्हणून तिच्या सरांनी तिचं नाव डास या अर्थाचं ठेवलं, स्कीटर. ते नाव जन्मभर चिकटलं.

अशाच एका सामन्यात एड टेम्पल नावाच्या गृहस्थांनी तिला हेरलं. टेम्पल सर हे नॅशव्हिलच्या टेनेसी स्टेट या काळ्या विद्यार्थ्यांच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायचे आणि मुलींच्या धावण्याच्या संघाला ट्रेनिंग द्यायचे. पोरगी उंच, पाय लांब, अंगात चपळाई. त्यांनी चौदा वर्षांच्या विल्माला उन्हाळी शिबिराला बोलावलं.

आता हे विद्यापीठ म्हणजे काही मोठी सिंथेटिक ट्रॅक असलेली जागा नव्हती. मातीचा कच्चा ट्रॅक. त्यावर पट्टे आखायचे तर टेम्पल सर स्वतःच्या खिशातून खर्च करायचे. स्पर्धेला जायचं तर सरांच्या गाडीत दाटीवाटीनं बसून. वाटेत हॉटेलात काळ्या मुलींना आत घेत नसत, म्हणून जेवण बांधून न्यायचं आणि गाडीतच खायचं. आपली पोरं तालुक्याच्या स्पर्धेला टमटममध्ये बसून, चटणी-भाकरी बांधून जातात, तसंच.

सर शिस्तीचे कडक. प्रॅक्टिसला जेवढी मिनिटं उशीर, तेवढे जादा राउंड मारायचे असा त्यांचा नियम. एकदा विल्माला झोप लागली आणि तिला अर्धा तास उशीर झाला. सरांनी ३० राउंड मारायला लावले. दुसऱ्या दिवशी ती अर्धा तास आधीच मैदानात हजर होती.

पहिल्या मोठ्या स्पर्धेत सगळ्यात हरली

शाळेच्या शर्यती विल्मा सहज जिंकायची. तिला वाटायला लागलं, आपण पळायचं आणि जिंकायचं, एवढंच असतं. मग अलाबामा राज्यात टस्कीगी इथं मोठी स्पर्धा झाली. तिथे चांगल्या तयारीच्या मुली आल्या होत्या. विल्मा एकूण एक शर्यत हरली.

रडू आलं, मन खचलं. पण ती घरी बसली नाही. नुसता वेग पुरत नाही, हे तिला कळलं. सुरुवातीला ब्लॉकमधून कसं उठायचं, खांदे सैल कसे ठेवायचे, शेवटच्या मीटरपर्यंत कसं खेचायचं, हे सगळं शिकायचं असतं. उंच असल्यामुळे तिची सुरुवात संथ व्हायची, ती कमी शेवटपर्यंत थोडी राहिलीच. पण एकदा का पावलं लयीत पडली की तिला धरणं अवघड. ती पळताना बघणाऱ्याला जोर दिसायचा नाही, सहजपणा दिसायचा.

भरतीत हुकलेल्या पोरापोरींनी हा भाग दोनदा वाचावा. हरल्यावर तिनं आधी आपण कुठं कमी पडलो ते शोधलं. आणि पळायची गोडी काही तिनं त्या हरण्यावर अवलंबून ठेवली नाही.

सोळाव्या वर्षी ऑलिम्पिक

१९५६ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ऑलिम्पिक झालं. सोळा वर्षांची विल्मा अमेरिकेच्या धावण्याच्या संघात निवडली गेली, संघात वयानं सगळ्यात लहान. २०० मीटरमध्ये पुढच्या फेरीत जाता आलं नाही. पण चौघींच्या ४ बाय १०० मीटर रिलेत संघाला कांस्यपदक मिळालं. कॅलिपर सुटून जेमतेम चार वर्षं झाली होती!

पदक घेऊन ती परत शाळेत गेली, कारण शाळा अजून संपलेली नव्हती. शाळेच्या शेवटच्या वर्षात ती आई होणार असल्याचं कळलं. लग्न झालेलं नव्हतं. १९५८ साली मुलगी झाली. त्या काळी तिथंही लोकांनी बोलायचं ते बोललंच असणार. पण तिच्या घरच्यांनी तिचे पाय बांधले नाहीत. बाळाला त्यांनी सांभाळलं आणि तिला त्याच वर्षी टेनेसी स्टेटमध्ये शिकायला पाठवलं. तिथे फी भरायला कॅम्पसवर काम करायचं, वर्ग करायचे आणि प्रॅक्टिस करायची. पुन्हा घरातले हातच कामी आले.

रोम, सप्टेंबर १९६०

रोमला जायच्या आधीच जुलै १९६० मध्ये तिनं २०० मीटर २२.९ सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला होता. २३ सेकंदांच्या आत येणारी ती पहिली बाई.

रोममध्ये कडक ऊन होतं. त्यात पहिल्या शर्यतीच्या आदल्या दिवशी पाय एका खड्ड्यात पडून तिचा घोटा मुरगळला. पट्टी बांधून ती उतरली. शर्यतींच्या मधल्या वेळेत बाकीच्या मुली घाबरून येरझाऱ्या घालायच्या, ही मात्र निवांत डुलकी काढायची. पळणं हे तिच्यासाठी भीतीचं काम नव्हतंच कधी.

२ सप्टेंबरला १०० मीटरची फायनल. ११.० सेकंद! दुसऱ्या नंबरची मुलगी ०.३ सेकंद मागं राहिली. एवढ्या छोट्या शर्यतीत हे अंतर म्हणजे फार मोठं. पाठीमागून वारा नियमापेक्षा जास्त होता म्हणून ती वेळ विक्रम म्हणून धरली गेली नाही, पण सुवर्णपदक तिचंच. ५ सप्टेंबरला २०० मीटरची फायनलही तिनं २४.० सेकंदांत जिंकली.

मग रिले. चौघीही टेनेसी स्टेटच्याच, म्हणजे टेम्पल सरांच्याच पोरी: मार्था हडसन, लुसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स आणि शेवटच्या टप्प्याला विल्मा. शेवटच्या वेळी बॅटन हातात देताना-घेताना गडबड झाली, बॅटन निसटता निसटता राहिलं. तेवढ्यात जर्मनीची धावपटू पुढं निघून गेली. विल्मानं तिला गाठलं, मागं टाकलं आणि ४४.५ सेकंदांत संघाला जिंकून दिलं. एकाच ऑलिम्पिकमध्ये धावण्याची ३ सुवर्णपदकं घेणारी ती अमेरिकेची पहिली महिला ठरली.

आपल्यासाठी आणखी एक आठवण. त्याच स्टेडियममध्ये, त्याच आठवड्यात, ६ सप्टेंबरला आपले मिल्खा सिंग ४०० मीटरची फायनल पळाले. ०.१ सेकंदानं त्यांचं कांस्यपदक हुकलं. फाळणीत डोळ्यांदेखत घरची माणसं गमावलेला तो मुलगा, आणि कॅलिपर घालून वाढलेली ही मुलगी. एकाच ट्रॅकवर धावून गेले. आणि चारच दिवसांनी इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी रोमच्या रस्त्यांवर अनवाणी पळून मॅरेथॉन जिंकली. त्या वर्षी रोममध्ये गरिबाघरची पोरं नुसती पळाली नाहीत, जग त्यांना बघत राहिलं.

मिरवणूक सगळ्यांची, नाहीतर नको

आता गोष्टीतला सगळ्यात मोठा भाग. क्लार्क्सव्हिलनं आपल्या लेकीची मिरवणूक काढायचं ठरवलं. पण गावातली रीत अशी की गोरे वेगळे, काळे वेगळे. मिरवणूकही वेगळी, जेवणाची पंगतही वेगळी.

विल्मानं सांगून टाकलं की असं असेल तर ती येणार नाही. वीस वर्षांची पोरगी. घर गरीब, आई गोऱ्यांच्या घरी काम करणारी. तरी ती ठाम राहिली आणि गावाला ऐकावं लागलं. ४ ऑक्टोबर १९६० ला क्लार्क्सव्हिलच्या रस्त्यावर काळे आणि गोरे एकत्र उभे राहिले, एकत्र जेवले. गावाच्या इतिहासात असा कार्यक्रम पहिल्यांदाच झाला.

ज्या गावात तिच्या पायावर इलाज करायला धड दवाखाना नव्हता, जिथून बसमध्ये मागं बसून ती नॅशव्हिलला जायची, त्याच गावाला तिनं एका पंगतीला बसवलं. तीन सुवर्णपदकांपेक्षा ही धाव लांबची होती, असं आम्हाला वाटतं. पुढे १९६३ साली गावातल्या एका हॉटेलात काळ्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या निदर्शनातही ती उभी राहिली.

पळणं थांबल्यावर काय?

१९६१ साली जर्मनीत श्टुटगार्टला विल्मानं १०० मीटर ११.२ सेकंदांत पळून जागतिक विक्रम केला. १९६२ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, तिनं स्पर्धा सोडली. वर असताना थांबायचं, हे तिनं ठरवलेलं होतं.

तेव्हा धावपटूंना आजच्यासारखे पैसे मिळत नव्हते. जाहिरात नाही, बक्षिसाची रक्कम नाही. तीन सुवर्णपदकं घरात, आणि पोटासाठी नोकरी शोधायची. तिनं १९६३ साली शिक्षणशास्त्राची पदवी पूर्ण केली आणि गावी परत येऊन ज्या शाळेत ती लहानपणी शिकली होती तिथेच शिक्षिका झाली, बर्ट हायस्कूलमध्ये मुलींना धावायला शिकवलं. पुढे वेगवेगळ्या शहरांत नोकऱ्या केल्या. चार मुलं वाढवली. संसारात चढ-उतार आले, पैशाची ओढाताण झाली. नाव मोठं होतं, पण आयुष्य साध्या माणसाचं होतं.

१९८१ साली तिनं स्वतःच्या नावानं संस्था काढली. गरीब वस्तीतल्या मुलांना मैदानावर आणायचं, खेळ शिकवायचा, सोबत अभ्यासाला हातभार लावायचा. जे तिला घरातून मिळालं, ते ज्यांच्या घरी नाही त्यांना द्यायचं.

१९९४ साली मेंदूत गाठ असल्याचं निदान झालं. १२ नोव्हेंबर १९९४ रोजी, वयाच्या ५४ व्या वर्षी विल्मा रुडॉल्फ गेल्या. क्लार्क्सव्हिलमध्ये आज एका मोठ्या रस्त्याला त्यांचं नाव आहे. ज्या गावात त्यांना धड चालता येत नव्हतं, तिथल्या रस्त्याला!

मग आपण काय घ्यायचं?

पहिली गोष्ट आईबापांसाठी. पोलिओ आपल्याकडून गेला आहे. १९९५ पासून पल्स पोलिओची मोहीम चालली, देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला, आणि मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या भागाला पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं. अंगणवाडी ताई आणि आशा ताई दारात येऊन दोन थेंब पाजून गेल्या, त्याची ही कमाई. विल्माला ते दोन थेंब मिळाले नव्हते. म्हणून बूथचा रविवार चुकवू नका. आणि घरात अशक्त, दम्याचं, पायानं अधू असं लेकरू असेल तर त्याला खाटेवर बसवून ठेवू नका. डॉक्टरांना विचारा, त्याला झेपेल एवढी हालचाल करू द्या, उघड्यावर खेळू द्या. पळता आलं नाही तरी मैदानावर जाता येतंच.

दुसरी गोष्ट मुलींच्या घरच्यांसाठी. आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातली, मोही गावची ललिता बाबर दुष्काळी रानातून पळत पळत २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकच्या फायनलला पोहोचली. अशी पोरगी तुमच्या वाडीतही असेल. ती पहाटे पळायला निघाली तर लोक काय म्हणतील हा विचार बाजूला ठेवा. रस्त्यावर अंधार असेल तर कुणीतरी सोबत जा. विल्माच्या घरच्यांनी पाय चोळला, तुम्हाला फक्त सोबत जायचं आहे.

तिसरी गोष्ट एमआयडीसीच्या रस्त्यावर पळणाऱ्या पोरापोरींसाठी. डांबर आणि काँक्रीट गुडघ्याला, नडगीला त्रास देतं, म्हणून आठवड्यातले निदान काही दिवस मातीवर पळा. टेम्पो-ट्रक सुरू व्हायच्या आत रस्ता सोडा. टायमिंग जरूर लावा, भरतीही मारा. पण आठवड्यातून एक दिवस मोबाईल खिशात ठेवा आणि नुसतं पळा. सूर्य वर येतोय, गार वारा आहे, पाय चालताहेत. कुणी मोजत नाही.

भरती झाली तर चांगलंच. नाही झाली तरी ते पळणं तुमच्याकडून कुणी काढून घेऊ शकत नाही. विल्मानं बाविसाव्या वर्षी शर्यती सोडल्या, पण पुढची तीस वर्षं ती दुसऱ्यांच्या लेकरांना मैदानावर आणत राहिली. कारण पळायला मिळणं म्हणजे काय, हे तिला कॅलिपर सुटला त्या दिवशीच कळलं होतं.

उद्या पहाटे उठा. बूट नसतील तर अनवाणी, मातीवर. तीही तशीच सुरू झाली होती.